मागच्या आंगणातली ड्यूटी

“काल भैय्याजीनं हो म्हटलं, अन आज तू नाही म्हनून राहिली?”

“त्यायनं म्हटलं असन. मी आननार नाही.”

“तोर डब्बाच्या थैलीत हातमोज्याचा एक गठ्ठा नाही मावत?”

“मावते. मावाची गोष्ट नाही हाय.”

“तं का गोष्ट हाय? शेडातून निंघताना थैलीत टाकाचे, इथं आनून मोर पुढं ठेवाचे. मी उलटवून देते, तू वापस घेऊन जाजो. कोन पाहते ओ? ते गोरी मॅडम जर्मनीतून दुर्बीन लावून बसली हाय का?”

“हळू बोल. घरात हे झोपले हायेत, रातपाळी करून आले.”

“नाही बोलत हळू. सुनू दे सबला. कमलाबाईले ड्यूटी लागली. कमलाबाई आता साहेबीन झाली.”

कमलाचा हात डब्याच्या झाकणावर थांबला. टोमणा तिला लागला नाही. टोमणे त्या दोघी एकमेकींना मीठ-मिरचीसारखे रोजच देत-घेत होत्या. लागलं ते नाव. इतक्या वर्षांत मैनानं, ‘माझं-तुझं’ला ‘मोर-तोर’ म्हणणाऱ्या या छत्तीसगढी शेजारणीनं, तिला नावानं कधी हाक मारली नव्हती. मारायची नसते.

छत्तीसगढात श्रावणात बायका टोपलीत गहू पेरतात, घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात वाढवतात. त्या पिवळ्याधमक कोंबांना भोजली म्हणतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी तळ्यात शिरवल्या, म्हणजे विसर्जन केल्या, की त्यातले चार कोंब काढून एकमेकींच्या कानावर खोवायचे. ज्यांनी खोवले त्या जन्माच्या मैत्रिणी. त्या दिवसापासून एकीनं दुसरीचं नाव घ्यायचं नाही, ‘भोजली’ म्हणायचं. सुखात अन दुखात, भांडणातसुद्धा.

भिलाईजवळच्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत, जानरावच्या क्वार्टरच्या मागच्या आंगणात, मैनाबाईनं कमलाच्या कानावर ते कोंब खोवले तेव्हा जानराव दारात उभा राहून कुरकुरला होता. “आपन बौद्ध लोक. हे देवाधर्माचं कुठून आनलं?”

“गव्हाले कोनता धर्म असते?” कमला म्हणाली होती. “पोळी खाता तवा विचारता का?”

दोघी भेटल्या की मैना म्हणायची, “सीताराम भोजली.” कमला म्हणायची, “जयभीम भोजली.” अन दोघी कामाला बसायच्या.

आज ते सगळं त्या एका नावानं खरडून काढलं. मैनाच्याही ते ध्यानात आलं असावं. पण ती उठली नाही. आंगणात जिथं आधी शिलाई मशीन होती त्या रिकाम्या जागेवर, मातीतच मांडी घालून बसली होती, तशीच राहिली. कमला डब्यात भाकरी ठेवत होती. आज तिचा ड्यूटीचा पहिला दिवस होता.

ड्यूटी हा शब्द कमलानं कितीदा ऐकला असेल त्याला गणती नाही. लग्न होऊन नागपुराहून इथं आली तेव्हापासून तोच ऐकत आली होती. भिलाईत माणूस भेटला की नावाच्या आधी विचारतात, कहां ड्यूटी है? कोक ओव्हन, रेल मिल, ब्लास्ट फर्नेस, नंदिनीची खदान, मार्शलिंग यार्ड. ज्याची जशी ड्यूटी तसा त्याचा भात शिजतो, तशी त्याची झोप. कारखान्याचा भोंगा वाजला की सायकलींचा पूर येतो अन ओसरतो. जानराव रेल्वेच्या यार्डात शंटमन, मालगाडीचे डबे जोडायचा-सोडवायचा. त्याच्या पाळीप्रमाणे कमलाचं घर उठायचं, बसायचं. घरात ड्यूटी होती, पण ती तिची नव्हती.

तिची आई नागपूरच्या कापड मिलमध्ये रीळ खात्यात होती. कमला लहानपणी आईचा डबा घेऊन गेटाशी उभी राहायची. भोंगा झाला की बायका भरभरून बाहेर यायच्या, केसांत कापूस, पदराला पितळी बिल्ला. हसत, एकमेकींना ढकलत, मुकादमाच्या नकला करत. घरी आली की आई पहिले पाय पसरून बसायची अन म्हणायची, “झाली बाई ड्यूटी.” ते म्हणताना तिच्या तोंडावर जे यायचं, ते कमलानं नंतर कोणत्याच बाईच्या तोंडावर पाहिलं नाही. घरकाम करणारी बाई ‘झालं’ म्हणते तेव्हा पुढचं काम आठवलेलं असतं. आई म्हणायची, “पोरी, घरातलं काम दिसत नाही. गेटातून आत जानारी बाई दिसते.” लग्न ठरलं तेव्हा कमलानं नवऱ्याचा पगार विचारला नाही, रंगरूप विचारलं नाही. आईला विचारलं, “तिथं मिल हाय का?” आई म्हणाली, “मिलपेक्षा मोठा कारखाना हाय.” कमला त्या वाक्याच्या भरवशावर गाडीत बसली.

कारखाना मोठा होता खरा. पण गेट तिच्यासाठी उघडलं नाही. सातवी पास बाईला कोण घेतो? दोन पोरी झाल्या. एकदा दुर्गला जाताना लोकलमध्ये तिच्या बाजूला एक नर्स बसली होती, कोटाला ओळखपत्र अडकवलेलं. नर्स झोपेनं पेंगत होती, तिचं डोकं कमलाच्या खांद्यावर पडत होतं. कमलानं तिला उठवलं नाही. उलट खांदा जरा वर केला. ड्यूटी करून थकलेलं डोकं कसं जड असतं ते तिला पाहायचं होतं.

मग एक्क्याऐंशीच्या सुमाराला भैय्याजी आले. भैय्याजी मूळचे वर्ध्याकडचे, कारखान्याच्या स्टोअरमध्ये क्लर्क, राहायला रिसालीत. नोकरी सोडून त्यांनी औद्योगिक वसाहतीत एक पत्र्याची शेड घेतली अन हातमोजे करायला लागले. भट्टीजवळ काम करणाऱ्यांना लागतात तसे, तळव्याला चामडं अन पाठीला जाड जीन. कटाई शेडमध्ये व्हायची. शिलाई मात्र त्यांनी घराघरांत वाटली. कमलाकडं पायमशीन आली, अन तिच्या वाट्याला अंगठा आला. मोज्यात अंगठा बसवणं अवघड, कारण बाकीची बोटं सरळ असतात, अंगठा वाकडा. पहिल्या महिन्यात तिचे अर्धे अंगठे परत आले. भैय्याजी म्हणाले, “कमलाबाई, हा अंगठा माणसाचा आहे, वांगं नाही.” ती चिडली अन शिकली.

जानरावनं मात्र चामड्याचा गठ्ठा पाहून पहिल्याच दिवशी जेवण बाजूला सारलं. “माह्या बापानं मेलेलं ढोर ओढनं सोडलं. गावानं मारलं तरी सोडलं. बाबासाहेबाचा शब्द होता. अन तू घरात चामडं आनून राहिली?”

“हे ढोर ओढनं नाही. हे मशीनवरचं काम हाय.”

“चामडं ते चामडं.”

“मंग मले कारखान्यात लावून द्या. तिथं जाऊन करतो. घरात आननार नाही.”

तीन दिवसांनी जानरावनं स्वतःच मागच्या आंगणात टिनाचं छप्पर टाकून दिलं. म्हणजे चामडं घरात नाही, आंगणात. माणसं आपल्या तत्त्वाला अशी वळणं देत जगतात. कमलानं छपराखाली मशीन लावली, खिडकीतून वायर काढून बल्ब टांगला. पुढं एकदा तिनं त्याच्यासाठी मोज्यांचा एक जोड मागून आणला, तर तो म्हणाला, “मोजे घालून कपलिंग समजत नाही. हातालेच समजते.” अन उघड्या हातांनी यार्डात गेला.

मैनाबाई आंगणाच्या भिंतीपलीकडं राहायची, कॉलनीच्या बाहेर, झोपडीत. तिचा नवरा टिकाराम हमाली करायचा. एका उन्हाळ्यात त्याला लकवा झाला अन तो खाटेला लागला. त्याचं तोंड वाकडं झालं, पण आवाज राहिला. “ए मैना” अशी त्याची हाक भिंतीवरून यायची. मैनाला काम पाहिजे होतं, पण त्या हाकेच्या अंतरातलंच. कमलाचं आंगण त्या अंतरात होतं.

मोजा शिवतात तो उलटा. शिवून झाला की त्याला सुलटा करायचा, बोटाबोटात लाकडी दांडी घालून, शिवण न उसवता. ते काम मैना करायची. कमला अंगठा बसवायची, कॉलनीतल्या माल क्लर्कची बायको सुशीला मनगटाची पट्टी लावायची, अन मैना उलटवायची. सुशीला दुपारपुरती यायची, सासू झोपली की. “मी काय, टाइमपास करते,” असं म्हणायची, अन सगळ्यांत जास्त बोलायची.

“भैय्याजींनी काल काय शर्ट घातला होता,” सुशीला म्हणायची. “पोपट दिसत होते.”

“पोपट बोलते तरी,” कमला म्हणायची. “यायले पट्टीचा भाव वाढवून मांगा, मुके होतात.”

“मोर डोकरा आदमी बोलते रात-दिन,” मैना म्हणायची. “कोनाले पायजे असन तं घेऊन जा.” अन तेवढ्यात भिंतीवरून हाक यायची, “ए मैना,” की तिघी हसून हसून लोळायच्या. मैना दांडी टाकून धावत जायची, पाणी पाजून धावत यायची. पुढं तिची मराठी कमलाच्या आंगणातली झाली, वऱ्हाडी अन छत्तीसगढी अशी कालवलेली, की तिच्या माहेरचे लोक तिला हसत.

असं ते आंगण चौदा वर्षं चाललं. कमलाचं मन तिथं रमत नव्हतं असं नाही. पण संध्याकाळी भोंगा झाला की तिचा पाय मशीनवर थांबायचा. एक्क्याण्णव साली जनगणनेचा माणूस आला होता. त्यानं दारात उभं राहून विचारलं, “बाई, आप क्या काम करती हैं?” कमला तोंड उघडणार, तेवढ्यात घरातून जानराव म्हणाला, “कुछ नहीं. घर पे रहती है.” त्याच्या मनात वाईट नव्हतं, तो दाढी करत होता. माणूस लिहून निघून गेला. कमलाच्या मांडीवर तेव्हा अर्धवट अंगठा होता.

ब्याण्णव-त्र्याण्णवमध्ये भैय्याजींना मुंबईच्या एका दलालाकडून जर्मनीची ऑर्डर मिळाली. तिकडचे लोक बागेत घालतात ते मोजे. “गुलाब कापायला,” भैय्याजींनी सांगितलं. “काटे लागू नयेत म्हणून.” तिघी एकमेकींकडं पाहून राहिल्या. सुशीला म्हणाली, “आपण भट्टीपासून गुलाबापर्यंत आलो गं.” ऑर्डर वाढत गेली. अन पंच्याण्णवच्या जानेवारीत भैय्याजी म्हणाले की कंपनीची मॅडम स्वतः शेड पाहायला येणार आहे.

इथं कमलाची चूक झाली. तिला चूक म्हणायचं की नाही ते आपण ठरवावं. तिच्या गावात, तिच्या आईच्या घरी, पाहुणा दाराशी आला अन चहा न घेता गेला असं झालं नव्हतं. अन ही तर पाहुणी, जिच्या गुलाबांवर चौदा नाही तरी दोन वर्षं घर चाललं होतं. मॅडम येणार त्या दिवशी कमला मुद्दाम गठ्ठा पोचवायच्या निमित्तानं शेडवर गेली. आदल्या दिवशी तिघींनी आंगण शेणानं सारवलं होतं. सुशीलानं घरची खुर्ची अन कपबश्या दिल्या होत्या. मैनानं दांड्या घासून काढल्या होत्या. नव्या साड्या नेसवून दोघींना मशीनशी बसवून कमला गेली होती. पाहुणीला रिकामे हात दिसू नयेत, आपलं काम दिसावं.

मॅडम उंच, पांढऱ्या केसांची, पायात साधे जोडे. शेडमध्ये तिनं सगळं पाहिलं, संडाससुद्धा. कमलाचा हात हातात घेऊन तिच्या अंगठ्याजवळचा घट्टा चाचपला. तेवढ्यानं कमलाला धीर आला. “मॅडम, घर चलो. चाय.”

“मॅडमना वेळ नाही,” भैय्याजी घाईनं म्हणाले. त्यांचा रंग उतरला होता.

पण चहा हा शब्द मॅडमला कळला. ती गाडीत बसली अन कमलालाही बसवलं. भैय्याजी पुढं बसले. त्यांनी मॅडमला दोन वर्षं लिहून कळवलं होतं की सगळी शिलाई शेडमध्येच होते. ते कमलाला कुठं माहीत?

आंगणात आल्यावर मॅडमनं खुर्चीवर बसून चहा घेतला, दोन सांबारवड्या, कोथिंबिरीच्या, खाल्ल्या. मैना तिला दाखवून दाखवून मोजा सुलटा करत होती, जादूगारानं टोपीतून कबूतर काढावं तसा. मॅडम हसली. मग तिची नजर बल्बच्या उघड्या वायरीवर गेली. चामड्याचा भुसा वाऱ्यानं उडून सैपाकघराच्या दाराशी साचला होता, तिकडं गेली. मैनाच्या चिरलेल्या बोटांवर गेली. ती भैय्याजींशी बोलायला लागली, हळू आवाजात.

“काय म्हणते?” सुशीलानं विचारलं.

“म्हणते वड्या छान झाल्या,” भैय्याजी म्हणाले. त्यांच्या कपाळावर जानेवारीत घाम होता.

मॅडम आणखी काही बोलली, बराच वेळ.

“अन आता?”

“म्हणते साखर जरा जास्त झाली.”

मग मॅडम कमलाकडं वळली अन सरळ तिच्या डोळ्यांत पाहून काहीतरी विचारलं. प्रश्न होता, ते कोणत्याही भाषेत कळतं.

“विचारते, मुली किती आहेत,” भैय्याजी म्हणाले.

“भैय्याजी,” कमला म्हणाली, “मुली किती हे येवढं लांब नसते. खरं सांगा.”

भैय्याजींनी रुमाल काढला, घाम पुसला, अन हरल्यासारखं बोलले. “ती म्हणते, घरी काम करणाऱ्या बाईचं काय होतं ते आम्हाला दिसत नाही. किती वेळ बसते, दिवा आहे का, लागलं तर कोण बघतं. आमच्याकडं लोक विचारतात, मोजा कोणी शिवला. मला त्यांना सांगता आलं पाहिजे. अन तुला विचारते, तुला काय पाहिजे?”

तुला काय पाहिजे. हे कमलाला कोणी विचारलं नव्हतं, जानरावनं नाही, आईनंसुद्धा नाही. तिनं विचार केला नाही. विचार करायला ते उत्तर नवीन थोडंच होतं? ते तिच्या तोंडाशी वीस वर्षं बसून होतं.

“मले ड्यूटी पायजे,” ती म्हणाली. “घरातून निंघून जाची. सकाळी जाची, सांजच्याले वापस याची. अन वापस आल्यावर मंग घरात ते काम नाही.”

भैय्याजींनी ते इंग्रजीत सांगितलं. मॅडमनं मान हलवली, कमलाच्या खांद्यावर हात ठेवला. बाजूला मैना मोजा हातात धरून हसत होती. तिला वाटलं होतं, मॅडम चहाची तारीफ करते आहे.

पंधरा दिवसांनी भैय्याजी आले अन आंगणातच उभ्या उभ्या सांगितलं. ऑर्डर राहील, पुढच्या तीन वर्षांची पक्की. पण सगळं काम एका छपराखाली. घरी एक टाका नाही. कारखान्याचे मोजेही आता शेडमध्येच, कारण दोन वाटा ठेवल्या की संशय येतो. मॅडमची माणसं न सांगता येतील. शेडला मोठ्या खिडक्या, भुसा ओढायचा पंखा, बायकांसाठी वेगळा संडास, पिण्याचं पाणी, हजेरीचं कार्ड. तिघींनाही जागा.

सुशीला म्हणाली, “आमच्याकडं नाही बाई पाठवणार.” अन आंगणातलं काम थांबलं तशी दुपारची झोपायला लागली. भिंतीवरून हाक आली, मैना उठून गेली.

पुढचे महिने शेड वाढत होती. कमला भाजी आणायच्या निमित्तानं तिकडून चक्कर मारायची. एका संध्याकाळी खिडक्या बसलेल्या पाहिल्या. आत दिवे लावून मिस्त्री रंग देत होते. ती रस्त्यावर उभी राहिली, जशी लहानपणी गेटाशी उभी राहायची, अन कोणत्या खिडकीजवळ आपली मशीन येईल ते ठरवत राहिली. घरी यायला इतका उशीर झाला की जानराव कंदील घेऊन बाहेर निघाला होता. “कुठं गेल्ती?” “कारखान्यात,” ती म्हणाली, अन लाजली.

अन तरीही, टेम्पो येऊन आंगणातली मशीन घेऊन गेला त्या दिवशी ती जेवली नाही. छपराखाली मातीत मशीनच्या पायांचे चार खड्डे राहिले होते. दुपार झाली. सुशीलाचं बोलणं नाही, दांडीचा टकटक आवाज नाही. मिळवायच्या आधीच माणसाला गमावल्याची हुरहुर लागते, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिला मैनाची आठवण आली, अन मैना तर भिंतीपलीकडं होती.

भैय्याजी काल रात्री मैनाकडं गेले होते. उलटवायला शेडमध्ये माणसं कमी पडत होती अन मैनासारखा हात कोणाचा नव्हता. त्यांनीच तिला सुचवलं, कमलाबाई येता-जाता एखादा गठ्ठा आणेल, कोणाला कळणार नाही. अन बोलता बोलता, स्वतःवरचं ओझं हलकं करावं म्हणून, हेही सांगून गेले की मॅडमनं विचारलं तेव्हा कमलानंच ड्यूटी मागितली.

म्हणून मैना आज सकाळी आंगणात येऊन बसली होती.

“भोजली,” कमला म्हणाली. आवाज खाली आणून, समजावून. “ते लोक कधीबी येतात. तुह्या घरात गठ्ठा सापडला तं ऑर्डर गेली. शेडात वीस बाया हायेत.”

“वीस बायाची तुले फिकर. मोरच नाही.”

“मी भैय्याजीले म्हटलं होतं ना, हिले खिडकीजवळची जागा द्या म्हनून.”

“अन मोर आदमीला का तोर टेबलाखाली झोपवू?”

“दोपारी कोनी पाहीन त्याले. मी सुशीलाले सांगतो.”

“सुशीला त्याचं मुतारीचं भांडं उचलन का?”

सुशीला उचलणार नव्हती, ते दोघींना माहीत होतं.

“येक गठ्ठा,” मैना म्हणाली. आता तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. “चोरी नाही म्हनत मी. काम म्हनतो. हात तेच, मोजा तोच. फक्त मी इथं अन तू तिथं.”

“मले तसं नाही कराचं.”

“कावून?”

कमला थैलीची गाठ बांधत होती. खरं कारण ऑर्डर नव्हती, ते तिला ठाऊक होतं. थैलीत लपवलेला गठ्ठा घेऊन गेटातून बाहेर पडणं तिला नको होतं. आई कशी यायची, हात हलवत, हसत. घरी येऊन पाय पसरायचे अन म्हणायचं, झाली. गठ्ठा आणला की ती झालेली नसणार. तो गठ्ठा म्हणजे पुन्हा आंगण, पुन्हा बल्ब. पण हे सांगायचं कसं? ज्या बाईला आंगणच उरलं नाही, तिला?

“मले नको,” एवढंच ती म्हणाली. “मले माहीत हाय तुले काय वाटून राहिलं.”

“नाही माहीत तुले.” मैनानं हातानं मातीतला एक खड्डा बुजवला, बोटांनी, सवयीनं काहीतरी करायचं म्हणून. भिंतीपलीकडून टिकारामचा खोकला आला. तिनं तिकडं कान दिला, हाक नव्हती. मग ती कमलाकडं पाहून बोलली, सावकाश, भांडणाचा आवाज टाकून.

“मी रागानं नाही विचारत. मॅडमनं तुले विचारलं, का पायजे. मी बाजूलेच बसली होती, मोजा घेऊन. दात काढून हासून राहिली होती. भाषा समजत नव्हती म्हनून. ते वेळेले तुह्या मनात मी आली होती का? येवढंच सांग. मी म्हननार नाही काही. आली असन तं आली म्हन, नाही तं नाही म्हन.”

कमलाला ती वेळ लख्ख दिसली. चहाचा कप, मॅडमचे निळसर डोळे, खांद्यावरचा हात. त्या वेळी तिच्या मनात एक गेट होतं, अन गेटातून आत जाणारी एक बाई. गेटाच्या आसपास तिनं पुन्हा पुन्हा शोधलं. सुशीला नव्हती, जानराव नव्हता, पोरी नव्हत्या. अन एवढ्या जवळ, हाताच्या अंतरावर बसलेली, कानावर कोंब खोवलेली ही बाईसुद्धा नव्हती.

दूर कारखान्याचा भोंगा झाला. क्वार्टरांच्या लाईनमधून सायकलीच्या घंट्या वाजायला लागल्या.

कमलानं थैली खांद्याला लावली. चपला घातल्या. पदर खोचला, सोडला, पुन्हा खोचला. मैना मान वर करून तिच्याकडं पाहत होती, उत्तराची वाट पाहणाऱ्या माणसासारखी, घाई न करता. मग कमलानं आंगणाचं दार सरकवलं अन, मैनाला तशीच आपल्या आंगणात बसलेली ठेवून, रस्त्याला लागली.